आषाढाची सुट्टी

कोंढरपाडा शाळा,
ता. ३ एप्रिल १९३३

चि. शिवदास यास आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस. मी दत्तात्रेय शिरवळकर, दीड वर्षापूर्वी घाटावरून बदलून येथे हेडमास्तर म्हणून आलो. तुझी बहीण ठमी माझ्याकडे तिसरीत आहे. कराचीचा पत्ता तिनेच दिला.

शाळेचा जुना पट चाळताना तुझे नाव सापडले. दुसरी इयत्ता. पुढे तांबड्या शाईने शेरा : 'नाव कमी. होडीवर गेला.' दहा वर्षांत असे शेरे एक्कावन्न आहेत. शेरा मारणारे हात बदलले, शेरा तोच.

सध्या वरून प्रत्येक मास्तराचे मत मागवले आहे. वर्षातले सुट्टीचे दिवस वाढणार नाहीत, पण ते कोठे ठेवावेत आणि परीक्षा केव्हा घ्यावी, हे गावाची गरज पाहून कळवायचे आहे. आज उन्हाळ्याची सुट्टी आहे, दिवाळीची आहे, आणि येथल्या जुन्या वहिवाटीप्रमाणे आषाढ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत शाळा बंद असते. परीक्षा चैत्रात. माझे सहायक करमअली मास्तर म्हणतात, आहे ते ठीक आहे. ते येथलेच. मला ते ठीक दिसत नाही, पण मी पडलो घाटावरचा. म्हणून ज्यांची नावे कमी झाली त्यांनाच विचारावे असे ठरवले. सहा जणांना पत्रे धाडली आहेत.

तू शाळा का सोडलीस? वेळापत्रक वेगळे असते तर सोडली असतीस का? मोकळेपणाने लिही. शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझा शुभचिंतक,
द. वि. शिरवळकर


कराची बंदर,
चैत्र वद्य २

मास्तरसाहेबांस शिवदासचा कोळीवाड्याकडे तोंड करून नमस्कार.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा ते आधी उलटंपालटं करून बघितलं. पाकिटावर घरचं अक्षर नाही म्हणजे घरी काही झालं, असंच परमुलखात वाटतं. निम्मं वाचलं तेव्हा कळलं तसं काही न्हाय. मग हसू आलं. मला मत विचारणारे तुम्ही पहिलेच. इथं मी मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर दोर ओढतो, तिथला सारंग, बोटीचा म्होरक्या, मला फक्त "ए कोकणी, सोड" आणि "ए कोकणी, धर" एवढंच बोलतो.

शाळा मी सोडली न्हाय, मास्तर. शाळेनं मला सोडलं. चैत्रात परीक्षा ठेवली होती आणि त्याच आठवड्यात आमची होडी बाहेर आठ दिवस. बाबा म्हणाले, "पुढल्या वर्षी दे." परत आलो तर नाव कमी. मला गणित यायचं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मी न अडखळता म्हणायचो, सगळ्या वर्गात मीच. त्यानंतर पाय कुठंच ठरला नाही. मुंबईला गिरणीत सहा महिने, मग मिठाच्या बंदरावर, मग इथं. आता बसऱ्याला जायचं मनात आहे.

तर माझं मत असं. आमच्या पोराला मोकळा वेळ एकच, पावसाळा. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, जाळी खोपीत, बाप घरात विड्या ओढतोय. तेव्हाच तुम्ही शाळा बंद ठेवता! आणि कार्तिक-मार्गशीर्षात मासळीची वाळवणं ओसंडून जातात, आयांना दोन हात पुरत नाहीत, तेव्हा म्हणता पोरं का येत न्हाईत. उलटं करा. आषाढाची सुट्टी काढून कार्तिकात टाका. परीक्षा श्रावणात घ्या, नारळी पुनवेच्या आधी. पुनवेला समुद्राला नारळ गेला की पोर बापाचं झालं.

करमअली मास्तरांना माझा सलाम सांगा. त्यांनी मला मारलंय पण त्यांच्यावर माझा राग न्हाय. ठमीला शिकवा. तिला माझ्यासारखं अर्ध्यात उतरवू नका.

शिवदास


कोंढरपाडा शाळा,
ता. १९ मे १९३३

चि. शिवदास यास आशीर्वाद.

सहा पत्रांना उत्तर आले ते तुझे एकट्याचे. पण ते एकच पुरले. तुझी वाक्ये मी जशीच्या तशी माझ्या अभिप्रायात उतरवली. 'शाळेने मला सोडले' हे वाक्य तर शिक्षण खात्याच्या साहेबांनी मोठ्याने वाचले म्हणे. हुकूम आला आहे : एक वर्ष प्रयोग म्हणून आषाढाची सुट्टी रद्द, तेवढे दिवस कार्तिकात. यंदा चैत्रात थांबवून ठेवलेली परीक्षा आता १ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी. जो त्या दिवशी गैरहजर, त्याचे नाव कमी. ही अट मात्र त्यांनी ठेवलीच.

करमअली मास्तरांनी वेगळे मत जोडले. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरं मोजलीत, पाणी मोजलं नाहीत." असो. जुन्या माणसांना जुने बरे वाटते.

ठमी खूश आहे. उतारूंची ने-आण करणाऱ्या तुळशीरामच्या होडीतून सगळ्यांत आधी उडी मारून धक्क्यावर उतरते ती तीच. शाळेची ही नवी इमारत खाडीला तोंड करून आहे, त्यामुळे मला पायरीवर बसल्या बसल्या कोळीवाड्यातून निघालेली होडी दिसते आणि मी घंटा द्यायला सांगतो. तुझ्यामुळे यंदा आषाढातही ही घंटा होणार, याचे समाधान वाटते.

द. वि. शिरवळकर


कराची बंदर,
ज्येष्ठ शुद्ध ६

मास्तरसाहेब,

नमस्कार लिहायला वेळ न्हाय. शाळा पलीकडं केव्हा गेली?

माझ्या वेळी शाळा मारुतीच्या देवळात होती, कोळीवाड्यात, आमच्या ओट्यावरून दिसायची. मी चार वर्षं घरी गेलेलो नाही. आईनं कधी कळवलं न्हाय. आता कळतंय का कळवलं न्हाय, मी ठमीला जाऊ दिलं नसतं. तुम्हीही पहिल्या पत्रात बोलला न्हाईत. मी देवळातल्या शाळेचं मत दिलं मास्तर. खाडीपलीकडच्या शाळेचं न्हाय! ते मत फाडा. साहेबाला तार करा.

तुम्ही आमची खाडी मे महिन्यात बघताय. गुडघ्याएवढ्या पाण्यात बगळे उभे असतात. आषाढात वरून डोंगराचं पाणी येतं आणि खालून उधाण. ओहोटी लागली की दोन्ही पाणी मिळून समुद्राकडं धावतं. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर लाटा फुटतात. मी एक आषाढ तुळशीरामकाकाबरोबर तरीवर, उतारूंच्या होडीवर, वल्हं मारलंय. एकदा धक्क्यावरचा रिकामा मचवा दोर तोडून गेला. आम्ही हाका मारेपर्यंत तो दांड्यावर होता, आणि मग फळ्याच होत्या. तो आवाज मला इथं जहाजाच्या भोंग्यातही ऐकू येतो.

हुकूम फिरवता येत नसेल तर निदान हे करा. शाळा पाचला सुटते ना? मग हा हिशेब लिहून घ्या. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराला. पुढं तिथीला पाऊण तासानं गुणायचं, तेवढ्या वाजता भरती. तिथून तीन तासांनी ओहोटीचा जोर सगळ्यांत जास्त, सहा तासांनी पाणी थांबतं. मी सगळ्या तिथ्या घालून बघितल्या. पाच वाजता सगळ्यांत वाईट पाणी द्वितीया, तृतीया, चतुर्थीला, दोन्ही पंधरवड्यांत. त्या दिवशी पोरांना भरतीच्या वेळीच घरी सोडा. पौर्णिमा-अमावास्येला पाचपर्यंत ओहोटी सरत आलेली असते, तेव्हा निर्धास्त. अष्टमीच्या आसपास पाणी मरतुकडं असतं.

हा कागद शाळेत चिकटवा. दर आठवड्याला ठमीच्या हातचं एक कार्ड मला यायला पाहिजे. एक ओळ चालेल.

शिवदास


कोंढरपाडा शाळा,
ता. १४ जून १९३३

चि. शिवदास यास आशीर्वाद.

तुझी काळजी समजली. शाळेची जागा सांगायची राहिली, हा माझा दोष. माझ्या दृष्टीने शाळा जिथे आहे तिथेच ती नेहमी होती. पण आलेला हुकूम महिन्याभरात मीच मोडायचा, हे होणे नाही. आणि खरे सांगू? पट प्रथमच भरला आहे. कोळीवाड्याची एकोणीस मुले येतात. एवढी कधीच नव्हती. हे तुझे काम आहे. त्याला तूच भिऊ नकोस.

तुझा हिशेब करमअली मास्तरांना दाखवला. दोनदा वाचून म्हणाले, "पोरगं विसरलं नाही. याला मी पाऊणकीवरून मारला होता, बरोबर म्हणत असूनही. फार जोरात म्हणायचा." तुझ्या कागदावरून मी फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे : धोक्याच्या तिथी २, ३, ४. बाकी निर्धास्त. ते कोणी पुसायचे नाही असा दंडक घातला आहे. त्या दिवशी शाळा दुपारी सुटते.

मनुष्य दूर असला की त्याला प्रत्येक पाणी खोल वाटते. आता आगबोटी बंद झाल्या, टपाल माणगाववरून पायी येईल. पत्राला उशीर झाला तर वाईट मनात आणू नकोस.

द. वि. शिरवळकर


कार्ड, ता. २९ जून

ती. दादास ठमीचा नमस्कार. मी बरी आहे. पाऊस लय आहे. तुळशीरामकाका रोज विचारतो, तुझा दादा तिकडून पाणी बघतो का काय. आई म्हणते तुझ्या लग्नाचं बघ आता. मी तुझा हिशेब पाठ केला. मी भीत नाही. नलू भिते, ती पहिलीत आहे, माझा परकर धरून बसते. मास्तर म्हणाले पुनवेला गुरुपौर्णिमा आहे, फुलं आणा. तू बसऱ्याला जाऊ नको. ठमी.


कोंढरपाडा शाळा,
ता. ८ जुलै १९३३

चि. शिवदास,

ठमी जिवंत आहे. हे वाक्य आधी लिहितो. सातही मुले जिवंत आहेत.

काल गुरुपौर्णिमा. आमच्याकडे त्या दिवशी शाळेत व्यासपूजा असते, येथे कोणी केली नव्हती, मी सुरू केली. कोळीवाड्याची सातच मुले आली होती, बाकीची घरी सणाला. कोणी तगरीची फुले आणली, कोणी नारळ. अनंताने कागदात बांधून सुके बोंबील आणले. करमअली मास्तर हसून म्हणाले, "आण इकडे, ही दक्षिणा माझी." काल शुक्रवार, तेव्हा दुपारी ते नमाजाला गेले.

मला फार आनंद झाला होता. गुरूच्या दिवशी मुलांना पाचपर्यंत काय डांबायचे, म्हणून तीन वाजता सुट्टी दिली. मी फळ्याकडे पाहिले, शिवदास. खरोखर पाहिले. दोन, तीन, चार. काल तिथी पंधरावी. निर्धास्त.

तुळशीराम पाचला येणार, तो पलीकडे आपल्या घरी. ठमी म्हणाली, "काका येईपर्यंत थांबू या." अनंता तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "आम्ही काय वाण्याची पोरं हाय? होडी समोर हाय, वल्ही हायेत." धक्क्याला शाळेकडच्या पेठेतल्या कोणाची तरी लहान होडी होती, ती त्यांनी सोडली. मी पायरीवर उभा होतो. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

मध्यावर पोचण्याआधी होडी आडवी झाली आणि तिच्यामागचा कोळीवाडा डावीकडे सरकू लागला. मला प्रथम वाटले मुले मजेने तोंडाकडे नेत आहेत. मग अनंताचे एक वल्हे पाण्यात दिसले.

पुढचे करमअली मास्तरांनी केले. ते मशिदीच्या कट्ट्यावरून ओरडत धावले, पलीकडे तुळशीरामने ऐकले. पण त्यालाही त्या पाण्यात मोठी होडी मुलांपर्यंत नेता येईना. देवाची कृपा एवढीच की दांड्याच्या अलीकडे तिवरांचे शेवटचे झुडूप आहे, होडी त्यात अडकली आणि उलटली. मुलांनी फांद्या धरल्या. नलूचा हात सुटला. ठमीने उडी टाकून तिचे केस धरले आणि तिला फांदीत कोंबले. पण स्वतः तिला परत वर चढता येईना. मानेएवढ्या पाण्यात ती दोन तासांवर होती. पावणेसहाला पाणी थांबले आणि दोर टाकून एकेकाला काढले. मी सगळा वेळ काठावर होतो. मला पोहता येत नाही.

रात्रीपासून ठमीला ताप आहे. आज ती माणूस ओळखत नाही. पेठेतले डॉक्टर येऊन गेले, पुन्हा संध्याकाळी येतील. ही खाडी उतरून ते आले, हेच पुष्कळ. उद्या लिहितो. डाकवाला निघाला आहे.

द. वि. शिरवळकर


कराची बंदर,
आषाढ वद्य ९

मास्तर,

तुमचं आठ तारखेचं पत्र आज मिळालं. आज सोळा तारीख. आठ दिवस ती कशी आहे मला माहीत न्हाय. तुम्ही लिहिलंत उद्या लिहितो. ते उद्याचं पत्र कुठाय?

मी लिहिलं होतं पाचला. पाच वाजता निर्धास्त. कागद काढून बघा, पाच वाजता सुटते ना, असं विचारून मी हिशेब दिला होता. पुनवेला तीन म्हणजे उधाणाची ओहोटी ऐन भरात, सगळ्या महिन्यात त्याच्याहून वाईट पाणी न्हाय. तुम्ही पाच काढून टाकलंत आणि निर्धास्त तेवढं ठेवलंत.

हे लिहिलं आणि टगवर जाऊन बसलो. परत येऊन लिहितोय. दोष तुम्हाला देऊन झोप येत न्हाय. कोळ्याचा पोर मी, घाटावरच्या माणसाला पाण्याचा कागद देतो आणि त्यात निर्धास्त हा शब्द लिहितो. आमच्यात तो शब्द पाण्याबद्दल कोणी तोंडानंसुद्धा काढत न्हाय. माझा बाप आज असता आणि हे ऐकता तर त्यानं माझ्या थोबाडीत दिली असती. आषाढात शाळा ठेवा हे मीच म्हणालो, पुनवेला भिऊ नका हेही मीच. दोन्ही वेळा ठमीला होडीत मी बसवली.

सारंगाला सांगितलं, जातो. तो म्हणाला, "जाना है तो जा, वापस मत आना." हा माणूस पहिल्यांदा माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलला. गाठोडं बांधलंय. मुंबईपर्यंत गाडी आहे, पुढं आगबोट न्हाय, चालत येईन. पण मी वाटेत असताना तुमचं पत्र इथं आलं तर? ते वाचणारा कोणी न्हाय. म्हणून आज थांबलो. उद्याही असंच होईल. निघायची भीती वाटते आणि थांबायचीही. टपालवाला दिसला की मी मागच्या बाजूनं निघून जातो, मग पळत त्याला गाठतो.

मास्तर, काही वाईट असेल तर पाकिटावर कोपऱ्यात काळी रेघ ओढा. म्हणजे उघडायच्या आधी कळेल.

शिवदास


कोंढरपाडा शाळा,
ता. १३ जुलै १९३३

चि. शिवदास,

चार दिवस लिहिले नाही. रोज बसलो आणि काय लिहावे कळेना. माणगावच्या रस्त्यावर पूर होता, लिहिले असते तरी गेले नसते, पण तो बहाणा सांगत नाही.

काल पहाटे ठमीचा ताप उतरला. तिने आईला ओळखले, पेज मागितली, आणि नलू कुठे आहे ते विचारले. नलू दारात उभी होती. छातीत कफ आहे, अशक्तपणा फार, पण डॉक्टर म्हणाले धोका गेला. हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले.

आता दुसरे. कोळीवाड्याचे एकही मूल त्या दिवसापासून शाळेत आलेले नाही. मी तुमच्या घरी निरोप धाडला. सोनूबाईंनी, तुझ्या आईने, तुळशीरामजवळ उत्तर दिले, "मास्तरला सांग, तुमची शाळा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझी पोर माझ्यापाशी हाय." तुळशीरामने ते मला धक्क्यावर चार माणसांत सांगितले. बरोबरच केले.

१ ऑगस्टला परीक्षा आहे. ती पुढे ढकला म्हणून साहेबांकडे माणूस धाडून विनंती केली, नकार आला. एकोणीस नावे कमी होतील आणि तांबडी शाई या वेळी माझ्या हातात असेल.

मी साहेबांना पत्र तयार केले आहे. त्यात लिहिले आहे की माझा अभिप्राय चुकला, पावसाळ्यात येथे शाळा ठेवणे जिवावरचे आहे, आषाढाची सुट्टी पूर्ववत करावी. करमअली मास्तरांना वाटले असते तर आज ते मला पुष्कळ बोलू शकले असते. त्यांनी मसुदा वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मी बंद ठेवा म्हणायचो ते भीतीनं. पण दर श्रावणात शाळा उघडली की पेठेतली पोरं घरी शिकून पुढे गेलेली असायची आणि कोळ्यांची पोरं अक्षरं विसरून आलेली. हे मला पंधरा वर्षं दिसतंय. ते मी कधी कागदावर लिहिलं नाही."

अभिप्रायात तुझे शब्द होते, म्हणून तुझ्या संमतीवाचून मागे घेत नाही. होय म्हण, मी पाठवतो.

द. वि. शिरवळकर


कराची बंदर,
आषाढ अमावास्या

मास्तरसाहेबांस शिवदासचा नमस्कार.

पाकिटावर रेघ न्हाय, हे चारी कोपरे बघून मगच फोडलं. तुम्हाला माझं रेघेचं पत्र पोचायच्या आधीच हे निघालं होतं, हे नंतर ध्यानात आलं. पेज मागितली हे वाक्य इतके वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. मी निघालो नाही. सारंग म्हणतो, "गया नहीं?" मी म्हणालो, बहन बच गयी. त्यानं मला आपल्या डब्यातला चहा दिला.

तुम्ही होय म्हण म्हणालात. दोन दिवस मी होयच म्हणत होतो. सुट्टी परत आषाढात टाका, म्हणजे मला झोप येईल. ठमी घरात, आई घरात, होड्या शाकारलेल्या. मग तिचं नाव कमी होईल. पुढल्या वर्षी आई म्हणेल आता काय शाळा. मग ती वाळवणावर बसेल, मग लग्न. बुडणार न्हाय. पण तिनं जे केलं त्या दिवशी, नलूला धरलं, ते करणारी पोर तिसरीत अर्ध्यात उतरली, असं तुम्ही तांबड्या शाईनं लिहायचं आणि ते मी सुचवलेलं. मला तेही बघवत न्हाय.

मग टगवर एक गोष्ट सुचली. इथं मोठं जहाज धक्क्याला येऊ शकत न्हाय तेव्हा धक्क्यावरची माणसं जहाजाकडं जातात. कोणी जहाजाला म्हणत न्हाय की तू वाट्टेल ते करून ये.

पोरांनीच का उतरायचं मास्तर? एकोणीस पोरं रोज दोनदा खाडी उतरतात ती दोन मास्तरांपर्यंत पोचायला. तुम्ही उतरा. मारुतीचं देऊळ अजून असेलच, नसेल तर आमच्या जाळ्यांची खोप आहे, तिचं छप्पर गळत न्हाय. पावसाळ्यात कोळीवाड्याची शाळा कोळीवाड्यात भरवा. परीक्षेचे कागद काखेत मारा आणि या. घड्याळ बघून येऊ नका, तुळशीरामकाका म्हणेल तेव्हा या आणि तो म्हणेल तेव्हा जा. माझा कागद फाडून टाका. इथून पाणी दिसत न्हाय, मी उगाच दिसतंय म्हणालो.

मला माहीत आहे मी काय मागतोय. तुम्हाला पोहता येत न्हाय. मी इथं कोरड्या धक्क्यावर बसून तुम्हाला पाण्यात उतर म्हणतोय, जसं आधी ठमीला म्हणालो. तुम्ही न्हाय म्हणालात तर मी राग धरणार न्हाय. मग साहेबाला पत्र पाठवा.

आईला मी वेगळं लिहिलंय. ठमी वाचून दाखवेल.

शिवदास


कोळीवाडा, जाळ्यांची खोप,
ता. १ ऑगस्ट १९३३

चि. शिवदास यास आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या खोपीत, पालथ्या टोपलीवर कागद ठेवून लिहीत आहे. एक वाजला आहे.

तुझे पत्र परवा मिळाले. करमअली मास्तरांना दाखवले. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चला, तुळशीरामला विचारू." साहेब परीक्षेसाठी काल पेठेत येऊन राहिले आहेत. त्यांना सांगितले की परीक्षा दोन ठिकाणी होईल. त्यांनी खिडकीतून खाडी पाहिली आणि म्हणाले, त्या बाजूला मी येणार नाही, तुमच्या जबाबदारीवर काय ते करा. तसे मी लिहून दिले. करमअली मास्तर पेठेतल्या मुलांची परीक्षा घेण्यास तिकडे थांबले, मी इकडे आलो.

तुळशीरामने सकाळी आठची वेळ दिली होती. मी साडेसातलाच धक्क्यावर होतो. होडीत पाय ठेवला तेव्हा ती हलली आणि मी मागे फिरलो. खरे ते सांगतो. तुळशीराम वल्ही धरून बसून राहिला. दुसऱ्यांदा बसलो. मध्यावर मी डोळे मिटले होते. ती तिवरे कोणत्या बाजूला गेली ते मला माहीत नाही.

खोपीत नऊपर्यंत मी एकटाच. बाहेर माणसे उभी होती, आत कोणी येईना. मुलांना बायांनी दारात धरून ठेवले होते. मी पट उघडून मोठ्याने नावे वाचायला सुरुवात केली. अनंता. उत्तर नाही. मी 'गैरहजर' म्हटले नाही, पुढचे नाव वाचले. ठमी म्हणाल्यावर बाहेरून सोनूबाईंचा आवाज आला, "किती घाम आलाय त्या मास्तरला, बघा तरी. खाडी उतरून आलाय का डोंगर चढून?" कोणीतरी हसले. मग त्या ठमीला घोंगडीत गुंडाळून स्वतः आत घेऊन आल्या आणि तिच्या मागेच भिंतीला टेकून बसल्या. परीक्षा संपेपर्यंत हलल्या नाहीत. तिला उभे राहवत नाही, म्हणून मी तिची तोंडी बसूनच घेतली. नलू आली, अनंता आला. तेरा मुले बसली. सहा आली नाहीत. त्या सहांपुढे मी काही लिहिलेले नाही, पट साहेबांना उद्या देणार आहे. उद्याही मी येतो, असे बाहेरच्यांना सांगितले आहे.

ठमी पास आहे.

साहेबांना मी दुसरे पत्र लिहिले : कोंढरपाड्यास पावसाळ्यात शाळा असावी, आणि ती कोळीवाड्यात असावी. मंजूर होईल की नाही माहीत नाही. मंजूर झाले तर मला हे रोज करावे लागेल. आज सकाळपासून मी दुसरे काही ठरवू शकलो नाही, फक्त तेवढेच मनात येते.

बाहेर वारा वाढला आहे. तुळशीराम हाक मारतो आहे, म्हणतो, "चला मास्तर, पाणी थांबलं." मी दारातून पाहिले. मला ते थांबलेले दिसत नाही.

निघतो.

द. वि. शिरवळकर